बर्फ वितळण्याच्या गणिताची पार्श्वभूमी

शून्य अंश सेल्सिअस तापमानाच्या बर्फाची शंभर अंशांची वाफ करण्यास किती उष्णता लागेल, हे उदाहरण तीन टप्प्यांत सोडवले जाते. बर्फ वितळताना वस्तुमानाला अप्रकट उष्म्याने (तापमान न बदलता केवळ अवस्था बदलायला प्रतिग्रॅम लागणाऱ्या उष्णतेने) गुणायचे, पाणी तापताना वस्तुमान, विशिष्ट उष्माधारकता (एक ग्रॅम पदार्थ एक अंशाने तापवायला लागणारी उष्णता) आणि तापमानातील वाढ यांचा गुणाकार करायचा आणि शेवटी वाफ होताना वस्तुमानाला बाष्पनाच्या अप्रकट उष्म्याने गुणून तिन्हींची बेरीज करायची. पहिल्या व तिसऱ्या टप्प्यात तापमान बदलतच नाही. अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत हे दोन टप्पे हिशेबात धरले जात नसत, कारण बर्फ द्रवणांकाला, म्हणजे वितळण्याच्या तापमानाला, पोहोचला की आणखी किंचितशा उष्णतेने तो सगळा वितळतो, असाच सर्वसाधारण समज होता.

मधला टप्पा त्या मानाने लवकर हाती आला. फॅरनहाइट यांच्या पाऱ्याच्या तापमापीमुळे तापमान विश्वासाने मोजता येऊ लागले आणि सेंट पीटर्सबर्ग येथे गेओर्ग रिखमान यांनी गरम व थंड पाणी मिसळल्यावर येणारे तापमान वस्तुमानांच्या प्रमाणावरून काढण्याचे सूत्र मांडले. मात्र दोन्ही द्रव एकच असतील तरच ते लागू पडत असे. पाणी आणि पारा एकत्र केल्यावर हिशेब जुळत नाही, हे फॅरनहाइट यांच्याच प्रयोगांतून दिसले होते: पाऱ्याची घनता पाण्याच्या तेरापटींहून अधिक असूनही दोहोंच्या मधोमध तापमान येण्यासाठी आकारमानाने दोन भाग पाण्याला तीन भाग पारा घ्यावा लागे. प्रत्येक पदार्थाची उष्णता सामावून घेण्याची क्षमता वेगळी असते, हा त्याचा अर्थ ग्लासगो विद्यापीठातील जोसेफ ब्लॅक यांनी लावला आणि तेथूनच उष्णता व तापमान या दोन राशी विचारात वेगळ्या झाल्या.

ब्लॅक यांचा पुढचा युक्तिवाद साध्या निरीक्षणावर उभा होता. प्रचलित समज खरा असता, तर वसंतात हवा किंचित उबदार होताच डोंगरांवरचे सगळे बर्फ एकाएकी वितळून भयंकर पूर आले असते. प्रत्यक्षात ते वितळायला अनेक आठवडे लागतात. हे मोजण्यासाठी 1761 च्या सुमारास त्यांनी काचेची दोन सारखी भांडी 47 अंश फॅरनहाइट तापमानाच्या मोठ्या दालनात टांगली. एकात 33 अंशांचे पाणी होते, दुसऱ्यात तितक्याच वजनाचा, 32 अंशांचा बर्फ. पाणी अर्ध्या तासात 40 अंशांवर पोहोचले, म्हणजे सात अंशांनी तापले. बर्फाच्या भांड्याला 40 अंश गाठायला साडेदहा तास, म्हणजे एकवीस अर्धे तास लागले. दोन्ही भांड्यांना दालनातून सारख्याच वेगाने उष्णता मिळते असे धरून त्यांनी एकविसाला सातने गुणले व 147 अंश काढले; त्यांतले आठ अंश वितळलेले पाणी 32 वरून 40 पर्यंत तापण्यात गेले, म्हणून ते वजा केले. उरलेले 139 अंश केवळ वितळण्यात खर्च झाले होते.

ही आठ अंशांची वजाबाकी मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण अवस्थेतील बदल आणि तापमानातील बदल यांचा खर्च वेगवेगळा मांडण्याची आजची रीत तिच्यात पूर्ण रूपात दिसते. 139 अंश फॅरनहाइटची वाढ म्हणजे सुमारे 77 अंश सेल्सिअसची वाढ; एक ग्रॅम पाणी एक अंश सेल्सिअसने तापवणारी उष्णता म्हणजे एक कॅलरी, म्हणून हे प्रतिग्रॅम सुमारे 77 कॅलरी होतात, आणि आजचे मूल्य 80 आहे. घड्याळ, तापमापी आणि दोन भांडी एवढ्याच साधनांवर मिळालेले हे उत्तर आहे.

वाफेच्या बाबतीत ते इतके जवळ गेले नाहीत. 50 अंश फॅरनहाइटचे पाणी चार मिनिटांत उकळू लागले व आटायला वीस मिनिटे लागली, यावरून, म्हणजे 212 अंशांपर्यंतच्या 162 अंशांच्या वाढीला पाचने गुणून, 810 अंश आले. आजचा आकडा सुमारे 970 आहे. त्याच विद्यापीठात उपकरणे बनवणाऱ्या जेम्स वॉट यांना, थोडी वाफ आपल्या वजनाच्या सुमारे सहापट थंड पाणी उत्कलनांकापर्यंत तापवते हे आढळले होते. त्याचे कारण ब्लॅक यांच्या सिद्धांताने स्पष्ट झाले.

ब्लॅक यांनी हे संशोधन स्वतः प्रसिद्ध केले नाही. त्यांची व्याख्याने मृत्यूनंतर, 1803 मध्ये छापली गेली. मधल्या काळात स्वीडनमध्ये योहान विल्के यांनी बर्फावर गरम पाणी ओतण्याच्या स्वतंत्र प्रयोगांतून 1772 मध्ये बर्फाच्या अप्रकट उष्म्याचे 72 अंश सेल्सिअस हे मूल्य जाहीर केले. पॅरिसमध्ये लाव्हाझिए आणि लाप्लास यांनी 1782-83 च्या हिवाळ्यात हाच गुणधर्म मोजमापासाठी वापरला: बर्फाने वेढलेल्या कप्प्यात वस्तू ठेवायची आणि वितळलेल्या पाण्याच्या वजनावरून तिने दिलेली उष्णता काढायची.

त्या काळी अनेक जण उष्णतेला न नष्ट होणारा एक सूक्ष्म द्रव मानत. कल्पना चुकीची ठरली, तरी कॅलरीमापीतील, म्हणजे उष्णता मोजण्याच्या अशा उपकरणातील, हिशेब बिघडला नाही, कारण एकाने गमावलेली उष्णता दुसऱ्याने ग्रहण केलेल्या उष्णतेइतकी असते एवढेच गृहीतक त्याला पुरेसे होते. 1840 च्या दशकात जेम्स ज्यूल यांनी पाणी घुसळून यांत्रिक कार्य व उष्णता यांचे प्रमाण ठरवले. एक कॅलरी म्हणजे सुमारे 4.18 ज्यूल, हे त्यांच्याच मोजमापांच्या परंपरेतून आलेले प्रमाण वापरून बर्फाच्या 80 कॅलरी आज प्रतिग्रॅम सुमारे 334 ज्यूल अशा लिहिल्या जातात.