खळ्यावरचं वारं, समुद्रावरचे आकडे

मळणी झाली की खानापूरजवळच्या आमच्या खळ्यावर आजोबा तिवईवर उभे राहायचे. पाटी हातात असायची, पण भात लगेच ओतायचे नाहीत. बांधावरच्या आंब्याकडे बघत थांबायचे. पानं आणि बारीक डहाळ्या हलत्या राहिल्या की मगच हात उचलायचे. दाणा पायाशी पडायचा, फोल पलीकडे जायचं. धुरळा उठायला लागला की मात्र खाली उतरायचे. "आता दाणाबी जाईल," म्हणायचे.

गोव्यात शिडाची होडी शिकायला गेले, तेव्हा पहिल्याच दिवशी शिकवणारे म्हणाले, "आज तीन नंबर वारा आहे." फ्रान्सिस बोफर्ट या ब्रिटिश आरमारी अधिकाऱ्याने 1805 च्या सुमारास वाऱ्याला 0 ते 12 असे आकडे दिले, त्यातला हा तीन. मला सगळ्यात आवडलं ते हे, की त्या मूळ आकड्यांत वाऱ्याचा वेग नव्हताच. एवढ्या वाऱ्यात युद्धनौकेला किती शिडं झेपतील, हे बघून आकडा ठरायचा. 12 म्हणजे एकही शीड टिकणार नाही असा वारा. वारा किती, ते त्याच्या कामावरून ओळखायचं. आजोबांची रीत हीच होती.

जमिनीवरच्या खुणा 1906 साली जॉर्ज सिम्पसन या हवामानशास्त्रज्ञाने जोडल्या. 3 ला, म्हणजे ताशी 12 ते 19 किलोमीटरला, पानं आणि डहाळ्या सतत हलतात. 4 ला, 20 ते 28 ला, धूळ आणि कागद उडतात. आजोबा तिवईवरून उतरायचे ते इथे. आषाढात बेळगावच्या रस्त्यावर छत्री आवरेनाशी झाली की साधारण 6 समजावा, ताशी 39 ते 49.

नवख्याला वाटतं, 3 आणि 5 मध्ये असा काय फरक? पण वेग दुप्पट झाला की शिडावरचा दाब चौपट होतो. ताशी 15 चा वारा 30 झाला की तेच शीड होडीला आडवं करू शकतं. म्हणून ते वेळेत गुंडाळून आखूड करायचं, आणि आपण वाऱ्याकडच्या कडेवर बसून होडी तोलायची. वाऱ्याकडची बाजू कुठली आणि आडोशाची कुठली, हे सुरुवातीला सगळ्यांचंच चुकतं. मी खळं आठवते. फोल जिकडे पडतं, ती आडोशाची.

वेग मोजतात तो नॉटमध्ये, 1 नॉट म्हणजे ताशी 1.852 किलोमीटर. नॉट म्हणजे गाठ. पूर्वी गाठी मारलेली दोरी धावत्या जहाजावरून पाण्यात सोडत आणि वाळूचं घड्याळ रिकामं होईपर्यंत किती गाठी हातातून सरकल्या ते मोजत.

समुद्रावर आंबा नसतो, तिथे पाणी वाचायचं. 3 ला लाटांच्या माथ्यावर कुठे कुठे पांढरा फेस फुटतो, 4 ला तो जागोजाग दिसतो. तसा दिसला, की मी होडी सोडण्याआधी किनाऱ्यावरच शीड आखूड करून घेते.