गाईच्या पेशीला अमर करणारा परजीवी

गेल्या उन्हाळ्यात करवीर तालुक्यातील एका वाडीवर मी एका गोठ्यात उभा होतो. दोन वेतांची संकरित एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) गाय मान टाकून उभी होती, वैरण गव्हाणीत तशीच पडली होती आणि खांद्याच्या पुढे दोन्ही बाजूंना लिंबाएवढ्या गाठी आल्या होत्या. त्यांपैकी एका गाठीवर तापलेल्या विळ्याने दिलेला ताजा डाग होता. ‘‘गोचड्यांनी रगात पिऊन पिऊन गाय वाळवली बघा, सर,’’ मालक म्हणाले. गोचीड तापाविषयीचा हा समज मी कागलपासून शाहूवाडीपर्यंत ऐकलेला आहे. गोचीड रक्त पिते हे खरेच आहे. परंतु त्या गाठींचे, त्या तापाचे आणि वेळेवर उपचार न झाल्यास येणाऱ्या मृत्यूचे कारण तिने प्यायलेले रक्त नसून, पिताना आपल्या लाळेतून तिने गाईच्या अंगात सोडलेला एकपेशीय परजीवी हे आहे.

त्याचे नाव थायलेरिया अ‍ॅन्युलाटा. दक्षिण आफ्रिकेतील पशुवैद्यक अरनॉल्ड थायलर यांच्या नावावरून या कुळाला हे नाव मिळाले. मलेरियाचा परजीवी त्याच्या भावकीतलाच. मात्र थायलेरियाचा हा प्रकार माणसाला होत नाही, त्यामुळे आजारी गाईजवळ बसणाऱ्याने किंवा तिचे दूध काढणाऱ्याने या रोगाची भीती बाळगण्याचे कारण नाही. भारतात त्याचा प्रसार मुख्यतः हायलोमा जातीची गोचीड करते. लहानपणी बाधित जनावराचे रक्त प्यालेली गोचीड कात टाकून पुढच्या अवस्थेत गेली की नव्या जनावराला तो परजीवी देते. मादीच्या अंड्यांतून तो पुढच्या पिढीत उतरत नाही, म्हणजे प्रत्येक पिढीतील गोचिडीला तो नव्याने मिळवावा लागतो.

गंगावेशीच्या कट्ट्यावर समोर धार काढून दिलेले दूध पिणाऱ्या कोल्हापूरकराला म्हशीचे महत्त्व सांगण्याची गरज नाही, परंतु या रोगाच्या बाबतीतही म्हैस महत्त्वाची आहे. तिच्या रक्तात हा परजीवी असला तरी ती बहुधा आजारी दिसत नाही आणि गोचिडीला मात्र तिच्याकडून तो मिळत राहतो. देशी गाईही त्याला पुष्कळ अंशी तोंड देतात. दुधासाठी आणलेल्या एचएफ आणि जर्सी रक्ताच्या गाईंच्या पूर्वजांची या परजीवीशी गाठच पडलेली नव्हती, म्हणून त्याच गोठ्यात, त्याच दावणीला बांधलेली म्हैस रवंथ करत असते आणि शेजारची संकरित गाय तापाने फणफणते.

त्या गाईच्या गाठीतून पशुवैद्यकांनी सुईने थेंबभर द्रव काढला, काचपट्टीवर पसरला आणि जिम्सा रंगाने रंगवला. सूक्ष्मदर्शकाखाली शंभरपट भिंगातून पाहिल्यावर एक मोठी पांढरी पेशी दिसली. तिचे केंद्रक जांभळे होते आणि त्याच्या शेजारी फिकट निळ्या रंगाचा एक डाग होता, ज्यात कोणी लालसर मोहऱ्या पेराव्यात तसे ठिपके विखुरलेले होते. हा निळा डाग म्हणजेच परजीवी, आणि प्रत्येक ठिपका हे त्याचे एकेक केंद्रक. रॉबर्ट कोख यांच्या नावाने ओळखले जाणारे निळे कण ते हेच.

येथून पुढचा भाग थोडा अवघड आहे, परंतु या विषयावर लिहायला बसण्याचे माझे खरे कारण तोच आहे. पेशीत राहणारे बहुतेक परजीवी पेशीत शिरतात, वाढतात, पेशी फोडतात आणि दुसरी शोधतात. थायलेरिया गाईच्या भक्षकपेशीत किंवा बी-पेशीत, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशीतच, शिरतो, आपल्याभोवती आलेले पेशीचे पटल काही मिनिटांतच विरघळवून पेशीद्रवात मोकळा होतो, आणि मग ती पेशी फोडण्याऐवजी तिलाच न थांबता विभाजित व्हायला लावतो. शाळेत शिकलेले सूत्री विभाजन आठवावे. पेशीच्या दोन ध्रुवांकडून तुर्कतंतू निघतात, गुणसूत्रांना पकडतात, त्यांना विषुववृत्तीय प्रतलावर आणून मांडतात आणि पश्चावस्थेत दोन्ही बाजूंना ओढून नेतात. बाधित पेशीत हेच तंतू परजीवीच्या पृष्ठभागालाही पकडतात, किंबहुना परजीवीच त्यांना आपल्याशी जोडून घेतो. स्वित्झर्लंडमधील बर्न येथील संशोधकांनी 2010 मध्ये दाखवले की पेशीविभाजनाचे नियंत्रण करणारे पोलो-लाइक कायनेज-1 हे गाईचे स्वतःचे विकर हा परजीवी आपल्या अंगावर गोळा करतो आणि गुणसूत्रांच्या रांगेत स्वतःही आडवा जाऊन बसतो. पेशी दुभंगताना तोही दुभंगतो, आणि दोन्ही कन्यापेशींना त्याचा वाटा मिळतो. पेशीबाहेर पाऊल न टाकता, म्हणजेच प्रतिपिंडांच्या नजरेस न पडता, त्याची संख्या वाढत जाते.

अशा बिघडलेल्या पेशीने खरे तर मरायला हवे. पेशीत आत्मनाशाची सोय असते. परंतु ती थोपवून धरणारे एनएफ-कप्पा-बी हे प्रथिन परजीवी सतत जागे ठेवतो. एरवी त्याला जागे करणारी विकरे बाहेरून संदेश आल्यावरच कामाला लागतात. थायलेरिया ती विकरे आपल्या पृष्ठभागावर जमवतो आणि संदेश नसतानाही ती काम करत राहतात, हे 2002 मध्ये सिद्ध झाले. पुढे 2015 मध्ये पॅरिसमधील संशोधकांना आढळले की तो पिन-1 नावाचे विकर गाईच्या पेशीत सोडतो. त्यामुळे सी-जून हे वाढीला चालना देणारे प्रथिन नष्ट करणारी यंत्रणाच मोडते आणि सी-जून साचत राहते. या पेशी प्रयोगशाळेत काढून वाढवल्या तर कोणताही वाढकारक पदार्थ न घालता वर्षानुवर्षे विभाजित होतात, आणि गाईच्या शरीरात कर्करोगाच्या पेशींप्रमाणे एका ऊतीतून दुसरीत शिरतात. खांद्यासमोरची गाठ म्हणजे अशा पेशींनी भरलेली लसिका ग्रंथी होय. पुढे काही परजीवी तांबड्या पेशींत उतरतात, त्या पेशी नष्ट होतात आणि गाय पांढरीफटक पडते. गोचिडीला परजीवी मिळतो तो याच तांबड्या पेशींतून.

सर्वांत विलक्षण भाग असा की हे सारे उलटवता येते. ब्युपार्व्हाक्वोन या औषधाने परजीवी मेला की पेशीची अमर्याद वाढ थांबते, कारण गाईच्या जनुकांत कायमचा बिघाड झालेलाच नसतो. कर्करोगाच्या अभ्यासकांना थायलेरियात रस आहे तो यासाठी. तथापि ‘कर्करोगावरचे औषध गोठ्यात सापडले’ अशा थाटाचे जे संदेश फोनवर फिरतात, त्यांत तथ्य नाही. माणसाच्या कर्करोगात बिघाड पेशीच्या स्वतःच्या जनुकांत असतो, आणि तेथे मारण्याजोगा परजीवी नसतो.

गाठीवर डाग देणे, गळ्यात बिब्बा आणि काळा दोरा बांधणे, दृष्ट काढणे या उपायांविषयी मला मनापासून वाईट वाटते. डागाने परजीवीला काही होत नाही, जनावराला वेदना होतात, जखम चिघळते आणि ज्या तीन-चार दिवसांत इंजेक्शन सर्वाधिक उपयोगी पडले असते तेच हातचे जातात. त्या गाईला शरीराच्या दर किलो वजनामागे 2.5 मिलिग्रॅम या मात्रेने औषध मिळाले आणि ती वाचली. डाग दिलेली जखम भरायला मात्र गाठ ओसरण्यापेक्षा कितीतरी अधिक दिवस लागले.

या रोगाची लसही आहे आणि तीसुद्धा याच यंत्रणेवर उभी आहे. बाधित पेशी प्रयोगशाळेत दीर्घकाळ वाढवत नेल्या की आतला परजीवी जिवंत राहतो, पण त्याची रोग निर्माण करण्याची शक्ती क्षीण होते. अशा जिवंत पेशीच लस म्हणून टोचतात. त्यामुळे ती फ्रीजमध्ये टिकत नाही. कृत्रिम रेतनाच्या कांड्या ज्या द्रव नायट्रोजनच्या भांड्यातून गावोगाव जातात, तशाच भांड्यात ती ठेवावी लागते.

गोचीड चिकटल्याबरोबर परजीवी गाईत जातोच असे नाही. गोचिडीच्या लाळग्रंथीत तो पक्व व्हायला ती चिकटल्यापासून साधारण दोन-तीन दिवस लागतात, म्हणून रोज धारेच्या वेळी कास, कानाची पाळी आणि शेपटीखालची जागा हाताने चाचपणे फार मोलाचे आहे. पण गोचीड आयुष्याचा मोठा भाग गाईच्या अंगावर काढतच नाही. त्या गोठ्यात गव्हाणीमागच्या दगडी भिंतीच्या एका भेगेतून मी सुरीचे टोक फिरवले, तेव्हा तळहातावर वाटाण्याएवढी फुगलेली एक मादी, तिच्याभोवती तपकिरी अंड्यांचा पुंजका आणि तिळाएवढी कितीतरी पिले पडली. एक मादी हजारो अंडी घालते. मालकांनी आतापर्यंत दर महिन्याला औषध फवारले होते, ते फक्त गाईच्या अंगावर. पुढच्या आठवड्यात त्यांनी ती भिंत जमिनीपासून छातीएवढ्या उंचीपर्यंत सिमेंटने गिलावून घेतली.