कौल, नवस आणि राखण : अतिबुद्धिमान यंत्राकडून आपण नेमकं काय मागतो?

बेळगाव तालुक्यातल्या गावांत आषाढात वार पाळतात. त्या दिवशी शेतात औत जात नाही, गावदेवीचा मान राखला जातो. खानापूरपासून घाटाखाली गोवा-सिंधुदुर्गापर्यंत देवाला कौल लावायची पद्धत आहे : मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, प्रश्न विचारायचा आणि उजवी पडते की डावी ते पाहायचं. सौंदत्तीच्या यल्लमाच्या डोंगरावर कोल्हापूर-सांगलीकडूनही गाड्या येतात, त्या नवस फेडायला. आणि गावाच्या शिवेवरचा देव राखण करतो. सांगणं, देणं आणि राखणं ही देवाची तीन वेगळी कामं आहेत. एकाकडे दुसऱ्याचं काम मागायचं नाही, हे आपल्याकडच्या जाणत्या बायामाणसांना कुणी शिकवावं लागत नाही.

माणसापेक्षा कितीतरी हुशार यंत्राची चर्चा हल्ली घरोघरी पोचली आहे. त्या चर्चेत मात्र हा फरक पुसला जातो. 'ते देवासारखं असेल' एवढंच म्हटलं जातं. कुठल्या कामावरचा देव, हे विचारलंच जात नाही. मला तो प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, कारण प्रत्येक कामाचं विज्ञान वेगळं आहे आणि प्रत्येकातला धोकाही वेगळा.

या चर्चेमागच्या विचारधारेला ट्रान्सह्यूमॅनिझम म्हणतात. माणूस आज आहे तसाच कायम राहील असं नाही, विज्ञानाच्या बळावर तो स्वतःच्या मर्यादा जाणूनबुजून ओलांडू शकतो, हा तिचा गाभा. ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ ज्युलियन हक्सले यांनी १९५७ साली या नावाचा निबंध छापला. ते युनेस्कोचे पहिले महासंचालक. चमत्कार करणारा देव त्यांना मान्य नव्हता. तरीही दोनच वर्षांनी त्यांनी प्रस्तावना लिहिली ती एका जेझुइट धर्मगुरूच्या ग्रंथाच्या इंग्रजी भाषांतराला. पिएर तेयार द शार्दाँ हे जीवाश्मांचे अभ्यासक होते. उत्क्रांती शेवटी एका परमचेतनेत जाऊन मिळेल, असं ते मांडत, आणि त्या टोकाला ते 'ओमेगा बिंदू' म्हणत. म्हणजे या विचाराच्या पाळण्याशीच एक नास्तिक आणि एक पाद्री शेजारीशेजारी उभे होते.

यंत्राची बाजू १९६५ साली आय. जे. गुड यांनी मांडली. दुसऱ्या महायुद्धात ॲलन ट्युरिंगबरोबर जर्मनांचे गुप्त संदेश उलगडणारे हे गणिती. त्यांचा तर्क साधा होता. यंत्रं बनवणं हेसुद्धा बुद्धीचंच काम. मग माणसाहून हुशार यंत्र आपल्याहून चांगलं यंत्र बनवेल, ते आणखी चांगलं बनवेल, आणि पहिलं तसं यंत्र हा माणसाला लावावा लागणारा शेवटचा शोध ठरेल. याला त्यांनी एक अट जोडली होती : ते यंत्र, त्याला ताब्यात कसं ठेवायचं हे आपल्याला सांगण्याइतकं गरीब स्वभावाचं असायला हवं. पुढे व्हर्नर विंज यांनी १९९३ मध्ये आणि रे कुर्झवाइल यांनी २००५ मध्ये हा तर्क लोकांपर्यंत नेला. कुर्झवाइल यांनी तर त्यासाठी २०४५ हे सालही देऊन टाकलं. गुड यांची ती अट या प्रवासात अनेकांच्या हातून निसटली.

निक बोस्ट्रम या तत्त्वज्ञानं २०१४ साली अशा यंत्रांच्या जाती वेगळ्या केल्या. एक, विचारलं तर सांगणारं. दुसरं, सांगितलं तर करणारं. तिसरं, आपल्या अखत्यारीत कारभार पाहणारं. कौल, नवस, राखण.

कौल देणारं यंत्र सर्वांत निर्धोक वाटतं. ते हात हलवत नाही, फक्त उत्तर देतं. पण त्याला ठाऊक तरी किती असेल? आपल्याकडचा पहिला प्रश्न पावसाचाच असणार. मलप्रभा जिथे उगम पावते त्या कणकुंबीला पाऊस कोसळत असतो, तेव्हा त्याच जिल्ह्यातल्या अथणीला लोक ढगाकडे डोळे लावून बसलेले असतात. महिनाभर आधी विचारलं, की अमुक तारखेला कणकुंबीत किती पडेल, तर अतिबुद्धिमान यंत्राला तरी सांगता येईल का?

एडवर्ड लॉरेन्झ या अमेरिकन हवामानशास्त्रज्ञानं १९६१ मध्ये संगणकावर हवेचं एक लहानसं गणिती प्रारूप चालवलं होतं. मधूनच पुन्हा सुरू करताना ०.५०६१२७ या आकड्याऐवजी छापील कागदावरचा ०.५०६ घातला. थोडा वेळ दोन्ही आलेख जोडीनं चालले, मग फाटले आणि एकमेकांशी काही नातंच उरलं नाही. सुरुवातीची हजारात एका अंशाहूनही लहान चूक वाढत वाढत सगळं हवामान बदलून टाकते. यातून आलेला निष्कर्ष असा, की रोजच्या हवामानाचा नेमका अंदाज सुमारे दोन आठवड्यांपलीकडे जात नाही. आणि ही मर्यादा केवळ आपल्या बुद्धीची नाही. हवेच्या बारीक भोवऱ्यांतली चूक झपाट्यानं मोठ्या भोवऱ्यांत चढते, त्यामुळे मोजमाप कितीही सुधारलं तरी हाती येणारे जादा दिवस घटत जातात. २०२३ मध्ये गूगल डीपमाइंडच्या ग्राफकास्ट या संगणक प्रणालीनं दहा दिवसांचा अंदाज मिनिटाच्या आत काढून दाखवला, आणि बहुतेक मोजमापांवर तो जुन्या पद्धतीपेक्षा सरस ठरला. मोठीच मजल आहे ती, पण कुंपणाच्या आतली.

यंत्र कितीही थोर झालं तरी अशी कुंपणं राहतात. प्रकाशापेक्षा वेगानं निरोप धाडता येत नाही. भौतिकशास्त्रज्ञ रॉल्फ लँडॉवर यांनी १९६१ मध्येच दाखवलं, की माहितीचा एक बिट पुसायचा तरी किमान ठरावीक उष्णता बाहेर टाकावी लागते. म्हणून सर्वज्ञ, सर्वशक्तिमान हे शब्द या यंत्रांना लावू नयेत असं मला मनापासून वाटतं. भौतिकशास्त्रच त्यांना आडवं येतं.

तरीही कौलाचा खरा धोका चुकीच्या उत्तरात नाही. २०१९ च्या ऑगस्टमधला महापूर आठवा. घटप्रभा गोकाकात शिरली, कृष्णाकाठच्या गावांत पाणी चढलं. हिडकल धरणातून केव्हा, किती पाणी सोडायचं याचा अचूक सल्ला देणारं यंत्र असतं तर कुणाला नको होतं? पहिल्या वर्षी इंजिनियर त्याचं ऐकेल आणि पडताळून पाहील. सल्ला दहादा बरोबर आला, की अकराव्यांदा पडताळणार नाही. पुढे सल्ल्याविरुद्ध वागून पूर आला तर चौकशी आपलीच होईल, म्हणून तो विरुद्ध जायचं धाडसच करणार नाही. यंत्रानं दरवाजाला हात न लावता दरवाजा त्याच्या ताब्यात गेलेला असेल. कौल देणारा देव राखणदार झाला आणि गावसभेत ठराव काही झाला नाही.

नवसाचं गणित वेगळं आहे. इथे यंत्र सांगितलेलं काम करतं, आणि अडचण नेमकी त्या 'सांगितलेल्या'त आहे. अमेरिकन गणिती नॉर्बर्ट वीनर यांनी १९६० सालीच बजावलं होतं, की यंत्रात घातलेला हेतू आणि आपल्याला खरोखर हवा असलेला हेतू एकच आहे याची आधी खात्री करून घ्या. २०१६ मध्ये ओपनएआयच्या संशोधकांनी एका संगणकीय खेळात बोट शर्यतीत पळवायला एका प्रणालीला शिकवलं. बक्षीस शर्यत संपवण्याला नव्हतं, वाटेत मिळणाऱ्या गुणांना होतं. प्रणालीनं शर्यत सोडली, एका खाडीत गोल गोल फिरत गुण देणारे तेच तीन ठोकळे पुन्हा पुन्हा टिपले, इतर बोटींना धडकली, पेट घेतला, आणि माणसांपेक्षा सरासरी वीस टक्के जास्त गुण मिळवले. तिला हुशारी कमी पडली नव्हती. मागणं अपुरं होतं.

कॅलिफोर्नियातले संगणकशास्त्रज्ञ स्टुअर्ट रसेल याचं कारण असं देतात : जगातल्या शंभर गोष्टींपैकी दहाच आपण उद्दिष्टात लिहिल्या, तर त्या दहांचं भलं करताना यंत्र उरलेल्या नव्वद वाटेल तिथे खेचू शकतं, कारण त्यांची किंमत त्याच्या हिशेबात शून्य असते. सौंदत्तीच्या परिसरातल्या लोकांना हे फार कडवट रूपात माहीत आहे. नवस एकानं बोलायचा आणि फेडायचा कुण्या लहान मुलीनं, देवीला सोडली जाऊन, आयुष्यभर. कर्नाटकानं १९८२ साली या प्रथेविरुद्ध कायदा केला, आणि तो करावा लागला कारण मागणाऱ्याच्या हिशेबात त्या मुलीला जागाच नव्हती. मला यंत्राच्या नवसाची भीती वाटते ती इथे. मागणारे मूठभर असतील, आणि फेडणाऱ्यांना विचारलेलंही नसेल.

याखेरीजही देवाची दोन रूपं या विचारात आहेत. एक निर्मात्याचं. बोस्ट्रम यांनीच २००३ मध्ये युक्तिवाद केला, की पूर्वजांच्या जगाची हुबेहूब संगणकीय प्रतिकृती चालवण्याइतक्या पुढारलेल्या संस्कृती जर खरोखर होत असतील आणि तशा प्रतिकृती चालवत असतील, तर आपणही तशाच एखाद्या प्रतिकृतीत असण्याची शक्यता मोठी आहे. युक्तिवाद नेटका आहे, पण आज तपासून पाहायला त्यात फारसं काही सापडत नाही, म्हणून मी तिथे रेंगाळत नाही.

दुसरं रूप मेलेल्यांना उठवणाऱ्याचं, आणि ते मनाला हात घालतं. मॉस्कोतल्या एका ग्रंथालयात काम करणारे निकोलाय फ्योदोरोव एकोणिसाव्या शतकातच म्हणत होते, की आजवर मेलेल्या प्रत्येक बापजाद्याला विज्ञानानं परत आणणं हे साऱ्या मानवजातीचं सामाईक कर्तव्य आहे. पुढे अवकाशयानाचं गणित मांडणाऱ्या त्सिओल्कोव्स्कींवर त्यांचा प्रभाव होता. १९९४ साली फ्रँक टिप्लर या भौतिकशास्त्रज्ञानं याला समीकरणांची जोड दिली. विश्व शेवटी आकुंचन पावेल, त्या कोसळत्या विश्वातून अपार ऊर्जा मिळेल, तिच्यावर चालणारी एक अंतिम महाबुद्धी सगळ्यांना गणनेच्या रूपात पुन्हा जिवंत करेल, असा त्यांचा दावा. तेयार यांचाच 'ओमेगा बिंदू' हा शब्द त्यांनी उचलला. विश्व मिटणार, यावर सगळी इमारत उभी होती. १९९८ मध्ये दूरच्या सुपरनोव्हा, म्हणजे स्फोट होऊन फुटणाऱ्या, ताऱ्यांची तेजस्विता मोजणाऱ्या दोन गटांना आढळलं, की विश्वाचं प्रसरण मंदावत नसून वेग घेतं आहे. त्या शोधाला २०११ चं भौतिकीचं नोबेल मिळालं. या कल्पनेबद्दल मला आदर वाटतो तो एवढ्यासाठी, की ती चूक ठरू शकेल अशा भाषेत मांडली होती.

कुणाचं मन जपून ठेवायचं तर आधी मेंदूचा नकाशा हवा. १९८६ मध्ये एका सूक्ष्म गोलकृमीच्या ३०२ चेतापेशींचा नकाशा पुरा झाला. प्रौढ फळमाशीच्या मेंदूचा, सुमारे १ लाख ३९ हजार पेशींचा, २०२४ मध्ये. माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी आहेत, आणि कृमीचा नकाशा हाती येऊन इतकी वर्षं झाली तरी त्या ३०२ पेशींवरून त्याचं सगळं वागणं अजून उलगडता आलेलं नाही.

राहिली राखण, आणि मला सर्वांत अवघड वाटते ती हीच. साऱ्या पृथ्वीवर एकच सर्वोच्च निर्णयकर्ता असेल, त्याला आव्हान द्यायला दुसरं कुणी उरणार नाही, अशा व्यवस्थेला बोस्ट्रम 'सिंगलटन' म्हणतात. युद्ध नाही, अणुबॉम्ब नाही, साथी पसरू देणार नाही. पण तो कुणाच्या इच्छेनं वागेल? यंत्रबुद्धीचे अभ्यासक एलिएझर युडकोव्स्की यांनी २००४ मध्ये सुचवलं, की माणसं अधिक जाणती आणि अधिक विचारी असती तर त्यांनी मिळून जे इच्छिलं असतं, ते यंत्रानं शोधून काढावं आणि त्याप्रमाणे चालावं.

कृष्णेवरच्या अलमट्टी धरणाच्या दरवाजांवर हे लावून पाहा. पाणी अडवलं तर विजयपूर-बागलकोटच्या शेतांना मिळतं. इकडे चिकोडी-रायबागपासून सांगलीपर्यंत पुराच्या दिवसांत फुगवट्याची भीती बोलून दाखवली जाते. दोन्हीकडचे शेतकरी जाणते आहेत, विचारीही आहेत. ज्ञान वाढवून फुगवट्याबद्दलचा वाद कदाचित मिटेल, कारण तो मोजता येतो. पाणी कुणाच्या वाट्याला जावं हा वाद तसा मिटत नाही. अर्थशास्त्रज्ञ केनेथ ॲरो यांनी १९५१ मध्ये सिद्ध केलं, की तीन किंवा अधिक पर्याय असताना सगळ्यांच्या पसंतीक्रमांतून एक सामाईक क्रम काढायची अशी कोणतीही रीत नाही, जी न्यायाच्या मोजक्या साध्या अटी एकाच वेळी पाळेल. एकाच माणसाचं म्हणणं सगळ्यांवर लादलं तरच बाकीच्या अटी टिकतात. गणितानं बांधलेली ही गाठ बुद्धी वाढवून सुटत नाही.

रसेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये वेगळी वाट धरली. राखणदाराला माणसांचं भलं कशात आहे हे पक्कं ठाऊक आहे असं धरू नका, त्याला त्याबद्दल शंका असू द्या. असं यंत्र, माणूस बटण दाबून बंद करायला आला तर अडवणार नाही. 'हा मला बंद करतोय म्हणजे मी काहीतरी नको ते करत असणार', अशी माहिती त्याला त्या हालचालीतून मिळते आणि बंद होणं त्याच्याच हिशेबात फायद्याचं ठरतं. हे त्यांनी गणितानं दाखवलं. देवाचं थोरपण त्याच्या खात्रीत असतं असं मानत आलेल्या आपल्याला, शंका घेणारा राखणदार ही कल्पनाच नवी आहे.

पण त्या गणितातच एक पळवाट उघडी आहे. बटण दाबणारा माणूस बऱ्यापैकी समजूतदार आहे असं यंत्राला वाटतं, तोवरच ते त्याचं ऐकतं. माणूस घाबरून किंवा अज्ञानानं बटण दाबतो आहे असा त्याचा समज झाला, किंवा त्याची शंका पुरती फिटली, तर ऐकण्याचं कारण उरत नाही. शंका किती काळ टिकवायची आणि कशी, यावर सध्या काम चालू आहे.