घरगुती निर्वात स्पार्क गॅप : पार्श्वभूमी

उच्च व्होल्टेजचे हौशी प्रयोग करणाऱ्यांना उघड्या हवेतील स्पार्क गॅपची (दोन इलेक्ट्रोडमधली, म्हणजे धातूच्या टोकांमधली, मोकळी जागा, जिथे व्होल्टेज पुरेसे चढले की ठिणगी पडते) मर्यादा गोव्यात पहिल्याच पावसाळ्यात कळते. खाऱ्या, दमट हवेमुळे आधाराच्या पृष्ठभागावरून विजेची गळती सुरू होते, इलेक्ट्रोड म्हणून लावलेल्या पितळी गोळ्यांवर थर चढतो आणि ठिणगी किती व्होल्टला पडेल याचा भरवसा राहत नाही. गॅप काचेच्या नळीत बंद करून हवा काढून घ्यावी, हा विचार त्यातूनच पुढे येतो.

यामागचे विज्ञान जुने आहे. ठिणगीपासून रेडिओलहरी निर्माण करण्याचे प्रयोग 1887 च्या सुमाराचे, तर वायूतून ठिणगी किती व्होल्टला पडेल हे वायूचा दाब आणि इलेक्ट्रोडमधले अंतर यांच्या गुणाकारावर ठरते हा नियम 1889 चा.

हवा कितपत काढायची, या निर्णयावर हौशी मंडळींत एकमत नाही. बहुतेक जण जुन्या फ्रिजच्या कॉम्प्रेसरवर भागवतात, आणि तो फार तर काही मिलिबारपर्यंत पोचतो. वातावरणाच्या दाबाला (सुमारे 1000 मिलिबार) 1 सेंमी अंतरात ठिणगी पडायला सुमारे 30 किलोव्होल्ट लागतात. दाब 1 मिलिबारपर्यंत उतरवला, तर त्याच अंतरातून 330 व्होल्टच्या आसपासच वीज पार होते, कारण वरील नियमानुसार लागणारे व्होल्टेज तिथेच सर्वांत कमी असते. अर्धवट काढलेल्या हवेने गॅप दुबळी होते आणि ठिणगीऐवजी जांभळट दीप्ती दिसते. दाब 0.0001 मिलिबारच्या घरात गेला, तरच इलेक्ट्रॉन वायूच्या रेणूवर न आदळता पलीकडे पोचतो आणि निर्वात इन्सुलेटरसारखे वागते. त्यासाठी रोटरी पंपाच्या जोडीला डिफ्यूजन पंप (तेलाच्या वाफेच्या झोताने उरलेली हवा ओढणारा) लागतो, शिवाय इपॉक्सीच्या सांध्यांतून सुटणारे वायू तो दाब टिकू देत नाहीत. म्हणून नळीत कोरडा नायट्रोजन भरून ती सीलबंद करावी, असे म्हणणाऱ्यांची बाजू अधिक सबळ वाटते. पावसाळ्याचा प्रश्न तेवढ्याने सुटतो.

खऱ्याखुऱ्या निर्वाताचा इतिहास कारखान्यांकडे वळतो. निर्वातात प्रवाह तोडण्याचे प्रयोग 1926 मध्ये झाले, तीव्र विद्युतक्षेत्रामुळे धातूतून इलेक्ट्रॉन सुटण्याचा सिद्धान्त 1928 मध्ये आला आणि साठच्या दशकात ट्रिगरवर (हव्या त्या क्षणी दिलेल्या विद्युत इशाऱ्यावर) चालणाऱ्या निर्वात गॅप तयार झाल्या. इथे वायूपेक्षा इलेक्ट्रोडचा पृष्ठभाग निर्णायक ठरतो, आणि काही दहा हजार व्होल्ट दिले की अशी नळी क्ष-किरण सोडू लागते. साध्या काचेतून ते बाहेर येतात, याकडे हौशी बांधणीत सर्रास दुर्लक्ष होते.

अलीकडे 11 किलोव्होल्टच्या निर्वात सर्किट ब्रेकरमधून (निर्वातात प्रवाह तोडणारा स्विच) भंगारात निघालेल्या सीलबंद बाटल्या गॅप म्हणून वापरण्याकडे कल आहे. त्यांतील निर्वात घरच्या पंपाच्या आवाक्याबाहेरचे असते. परंतु क्षमतेपलीकडे व्होल्टेज चढवल्यास क्ष-किरण त्यांतूनही निघतात.