राय व्हिस्कीतली लवंग

राय व्हिस्कीची चव ‘मसालेदार’ असते असं वाचलं की दोन गैरसमज हमखास होतात. एक, तिच्यात मसाला घालतात. दुसरा, राय म्हणजे राई, अर्थात मोहरी. राय हे गव्हाच्या कुळातलं धान्य; मोहरीशी त्याचं नातं फक्त उच्चारापुरतं. अमेरिकी नियमानुसार या व्हिस्कीच्या धान्यात किमान ५१ टक्के राय लागतं, आणि ती आतून जाळलेल्या कोऱ्या ओक पिंपात मुरवावी लागते. मग लवंग कुठून आली?

रायच्या पेशीभित्तिकांत ॲरॅबिनोझायलन नावाच्या चिवट शर्करासाखळ्या भरपूर असतात. शिजवलेलं राय खळीसारखं चिकट होतं ते त्यांच्यामुळेच. या साखळ्यांना फेरुलिक आम्लाचे रेणू चिकटलेले असतात आणि धान्य शिजताना, भिजताना त्यातले काही सुटे होतात. आता हा रेणू नीट पाहा, कारण सगळी गंमत इथेच आहे. कार्बनचं षटकोनी कडं, त्यावर एक हायड्रॉक्सिल गट, शेजारी एक मेथॉक्सी गट आणि समोर तीन कार्बनांची शेपटी. शेपटीच्या टोकाला आम्लगट. आंबवताना यीस्ट हे टोकच छाटतं. कार्बन डायऑक्साइड उडून जातो, रेणुभार १९४ वरून १५० वर येतो, आणि उरतं ४-व्हायनिलग्वायकॉल. त्याला लवंगेचा वास!

योगायोग? मुळीच नाही. लवंगेतल्या युजेनॉलचं कडं तेच, त्यावरचे दोन्ही गट तेच. शेपटीत फक्त एक कार्बन जास्त. आणि शेपटी एकाच कार्बनाची करून त्याला ऑक्सिजन जोडला, की होतं व्हॅनिलिन, जे पिंपाच्या जळक्या लाकडातल्या लिग्निनमधून (लाकडाला कणखरपणा देणाऱ्या द्रव्यातून) उतरतं. एकाच कड्याची ही तीन भावंडं एका पेल्यात भेटतात.

हे छाटकाम सगळ्या यीस्टना जमत नाही. त्याला पीएडी१ आणि एफडीसी१ ही दोन्ही जनुकं शाबूत लागतात: पहिल्याचं विकर (एन्झाइम) फ्लेविन नावाच्या रेणूपासून एक खास मदतनीस रेणू घडवतं, दुसऱ्याचं विकर तो हाताशी धरून आम्लगट तोडतं. बिअरच्या बऱ्याच यीस्टमध्ये माणसाच्या निवडीमुळे ही जोडी निकामी झाली आहे. बव्हेरियन गव्हाच्या बिअरच्या यीस्टमध्ये ती टिकली, म्हणून त्या बिअरलाही लवंगेचा वास येतो.

ऊर्ध्वपातनात असे जड फिनॉल (कड्यावर हायड्रॉक्सिल गट असलेले रेणू) उशिरा, धारेच्या शेवटाकडे येतात. छोट्या पॉट स्टिलवर, म्हणजे हंड्यासारख्या भट्टीवर, काम करणारा माणूस वास घेत घेत धार कुठे तोडायची ते ठरवतो. लवकर तोडली तर लवंग मागेच राहते. उशीर झाला तर लवंगेबरोबर ओल्या चामड्यासारखा वासही येतो. हाताने काढलेल्या छोट्या घाण्याला स्वतःचा स्वभाव असतो तो इथे. बाटलीवरचे ‘स्मॉल बॅच’ (छोटा घाणा) हे शब्द मात्र फारसे मनावर घेऊ नका. अमेरिकी कायद्यात त्यांची व्याख्याच नाही.

तीच गोष्ट छोट्या पिंपांची. २०० लिटरऐवजी २० लिटरचं पिंप घेतलं, तर दर लिटरमागे लाकडाचा स्पर्श साधारण २.१५ पट होतो (दहाचं घनमूळ). रंग आणि व्हॅनिला झपाट्याने येतात. पण हवेतल्या ऑक्सिजनशी होणाऱ्या संथ अभिक्रिया त्याच पटीत धावत नाहीत, म्हणून कोवळी व्हिस्की दिसायला गडद आणि प्यायला कच्ची निघू शकते.