मलमाचा एक तास

विदर्भातल्या बऱ्याच तालुक्याच्या गावी आता बसस्टँडपासून हाकेच्या अंतरावर ‘स्किन अँड हेअर’ची पाटी दिसते. आत लग्न ठरलेल्या मुली बसलेल्या असतात, टक्कल पडू लागलेले तिशीतले गुरुजी असतात, कपाशीच्या वावरात ऊन खाऊन गालावर वांग उमटलेल्या बाया असतात. कोणी केसांसाठी पीआरपी (स्वतःच्याच रक्तातून वेगळ्या काढलेल्या भागाचं इंजेक्शन) घ्यायला आलेलं, कोणी मुरुमांचे खड्डे भरायला. सुरकुत्या घालवणारं बोटॉक्स आणि चेहरा भरून काढणारं फिलर घेणारे थोडे, पण नाव सगळ्यांच्या कानावरून गेलेलं. खुर्चीत बसल्यावर पहिला प्रश्न मात्र ठरलेला: ‘लय दुखते का जी?’

सुंदर दिसण्यासाठी कातडीत सुई घालणं या मुलखाला नवं नाही. गोंदण हे तेच होतं. मेळघाटातल्या कोरकू बाया, गडचिरोली-चंद्रपूरकडच्या गोंड बाया आणि गावागावांतल्या शेतकरी घरांतल्या आज्या, यांच्या कपाळावर, हनुवटीवर, हातांवर ते अजून दिसतं. दोऱ्याने एकत्र बांधलेल्या सुया, काजळी, आणि नंतर वरून हळद-तेल. दुखू नये म्हणून काय करायचे? फारसं काहीच नाही. पोरीचा हात घरातली कोणी बाई घट्ट धरून ठेवी, दुसरी तिला बोलण्यात गुंतवी. मेल्यावर अंगावरचे दागिने इथेच राहतात, गोंदण तेवढं सोबत येतं, अशी समजूत होती. त्यामुळे दुखणं हा त्या दागिन्याच्या किमतीचाच भाग होता. सोनाराकडे कान टोचतानाही तोच न्याय. देवी काढणारा, म्हणजे देवीची लस टोचणारा, गावात आला की पोरं तुरीत लपायची, असं जुनी माणसं सांगतात. तिथेही भुलीचा विषय नव्हता.

तेवढीच जागा बधिर करणाऱ्या भुलीचा शोध लागला तो तिकडे दूर, आणि चेहऱ्याच्या सौंदर्यासाठी तर मुळीच नाही. १८८४ साली व्हिएन्नात कार्ल कोलर नावाच्या तरुण डॉक्टरला डोळ्याच्या शस्त्रक्रियेत रोगी हलू नये असं काहीतरी हवं होतं. कोकेन जिभेला लागलं की जीभ बधिर होते हे ठाऊक होतं. कोलरने ते डोळ्यात घालून पाहिलं, आधी बेडकाच्या आणि मग स्वतःच्या. हायडेलबर्गच्या परिषदेला जायला त्याच्याकडे भाड्याचे पैसे नव्हते. त्याचा निबंध दुसऱ्याच डॉक्टरने वाचून दाखवला. कोकेनचं व्यसन लागतं हे लवकरच उघड झालं, आणि पुढची वीस वर्षं त्याच्यासारखं पण बिनव्यसनाचं औषध शोधण्यात गेली. आल्फ्रेड आइनहॉर्नचं प्रोकेन आलं ते १९०५च्या सुमारास.

आज दवाखान्यात जे वापरतात ते लिग्नोकेन. गावात त्याला कंपनीने दिलेल्या नावाने झायलोकेनच म्हणतात. त्याची गोष्ट शेतकऱ्याला आवडेल अशी आहे. स्वीडनमध्ये सातूच्या काही वाणांवर संशोधन चाललं होतं. सातूत सापडलेला एक पदार्थ प्रयोगशाळेत तयार करायला गेले, तर त्याचा जवळचा भाऊबंद तयार झाला. होल्गर एर्टमानने तो सहज जिभेला लावून पाहिला आणि जीभ बधिर झाली. त्या धाग्यावर काम करत निल्स लॉफग्रेनने १९४३ साली लिग्नोकेन बनवलं, बेंग्ट लुंडक्विस्टने ते स्वतःला टोचून तपासलं, आणि १९४८ साली ते बाजारात आलं. म्हणजे जीभ बधिर करणारं रसायन निघालं ते धान्याचा माग काढता काढता.

अडचण एकच होती, पण मोठी. लिग्नोकेन टोचावं लागतं. सुईचं दुखणं थांबवायला आधी सुई! वरून नुसतं चोळलं तर धडधाकट कातडी त्याला सहजासहजी आत येऊ देत नाही. कातडीचं कामच ते आहे. यावरचा उपाय १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला स्वीडनमध्येच निघाला, आणि तो कळायला पाठ्यपुस्तक लागत नाही, घरातली अमृतधारेची बाटली पुरते. कापूर, पुदिन्याचे फूल आणि ओव्याचे फूल, तिन्ही कोरडे खडे. एकत्र ठेवले की आपोआप पाणी होतं. लिग्नोकेन आणि त्याच्यासारखंच बधिर करणारं प्रिलोकेन या दोन घन पदार्थांचंही तसंच होतं: सारख्या प्रमाणात मिसळले की नेहमीच्या तापमानालाच तेल बनतं. या तेलकट रूपात औषध दाट राहतं आणि कातडीत उतरतं. हेच ते सुन्न करणारं मलम, प्रत्येकी अडीच टक्के.

उतरायला मात्र वेळ लागतो. मलमाचा जाड थर द्यायचा, वर प्लास्टिकची पातळ चिकटपट्टी, आणि तासभर थांबायचं. चेहऱ्याची कातडी पातळ म्हणून तिथे थोडं आधी काम होतं, पण दहा मिनिटांत पुसून सुई सुरू केली तर मलम लावलं काय नि नाही काय. माझ्या पाहण्यात इंजेक्शनच्या दुखण्याच्या निम्म्या तक्रारी औषधाच्या नसून या कापलेल्या तासाच्या असतात.

आता सुईतून जे आत जातं त्याकडे वळू. शरीराचा भाग भरून काढायला १८९९ साली व्हिएन्नाच्या रॉबर्ट गेरसुनी या डॉक्टरने पॅराफिन टोचलं होतं, आणि लवकरच ते चेहऱ्यातही टोचू लागले. पुढे त्याच्या गाठी झाल्या आणि ते बंद पडलं. १९८१ साली अमेरिकेत मान्यता मिळालेल्या गाईच्या कोलॅजेनमध्ये (कातडीतल्या प्रथिनात) थोडं लिग्नोकेन आधीच मिसळलेलं असे. गंमत अशी, की त्याची जागा घेणारं हायलुरॉनिक ॲसिडचं (कातडीत मुळातच असणाऱ्या पदार्थाचं) फिलर तिथे २००३ साली आलं ते लिग्नोकेनविना. म्हणजे माल सुधारला आणि दुखणं वाढलं. ओठात भरायचं तर लोक कळवळत. मग त्वचारोगतज्ज्ञ दातांच्या डॉक्टरांकडून शिकले: ओठाला टोचण्याऐवजी ओठाकडे येणारी नसच बधिर करायची. २०१०मध्ये लिग्नोकेन मिसळलेली फिलर तिकडे मंजूर झाली. आता पहिली टोच कळते, पुढच्या कमी कळतात.

बोटॉक्सचा त्रास तसा कमी. सुई केसासारखी बारीक आणि औषध थेंबाथेंबाने. त्याची पूड विरघळवायला बेंझिल अल्कोहोल घातलेलं सलाईन वापरलं तर चुरचुर आणखी कमी होते, कारण ते स्वतःच थोडंसं बधिर करतं. तळहाताच्या घामासाठी घेतात तेव्हा मात्र पाणी निघतं डोळ्यांतून. पीआरपीचं वेगळंच. रक्त गोठू नये म्हणून त्यात घालतात ते द्रावण आंबट असतं, म्हणून ते डोक्यात जाताना जळजळतं. आणि केसांत मलम नीट बसत नाही. तिथेही कपाळावरून जाणाऱ्या नसा बधिर करणंच बरं.

दातांच्या डॉक्टरांचं नाव घेतलं तर सुपारी-तंबाखूच्या खर्ऱ्याचं घ्यावंच लागेल. खर्ऱ्यामुळे तोंड उघडेनासं झालेले तरुण विदर्भात इतके आहेत, की गालात आतून इंजेक्शन घेणं ही इथली ओळखीची गोष्ट झाली आहे. त्या इंजेक्शनमध्ये स्टेरॉइडसोबत हायलुरॉनिक ॲसिड विरघळवणारं हायलुरॉनिडेज असतं. फिलर चुकीच्या जागी गेलं तर ते विरघळवायला हेच हायलुरॉनिडेज टोचतात.

नर्सबाई टोचण्याआधी दंडावर दोन चापट्या मारते, ‘काई नाई होत व बाई, मुंगी चावल्यावाणी वाटते’ म्हणते, त्यालाही शास्त्र आहे. १९६५ साली मेलझॅक आणि वॉल या शास्त्रज्ञांनी मांडलं की स्पर्शाचे संदेश मज्जारज्जूतच दुखण्याच्या संदेशांची वाट अडवतात. आज सुईशेजारी थरथरणारं छोटं यंत्र धरतात ते याच तत्त्वावर. बर्फाचा शेकही जुना आणि स्वस्त. पण सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असलेल्यांनी बर्फ लावण्याआधी डॉक्टरांना सांगावं. थंडीने त्यांचं दुखणं उफाळतं, आणि विदर्भात असे रुग्ण कमी नाहीत. रक्तपेशींना जपणारं जी-सिक्स-पीडी हे एन्झाइम कमी असेल तर प्रिलोकेनच्या मलमाबद्दलही बोलून घ्यावं, कारण त्याने रक्ताची प्राणवायू पोहोचवण्याची ताकद घटू शकते.

‘मलमच तर आहे’ हा समज महागात पडतो. अमेरिकेत लेझरने केस काढण्याआधी दोन तरुणींनी दोन्ही पायांना सुन्न करणारं कडक मलम चोपडलं, वर प्लास्टिक गुंडाळलं, आणि दोघीही दगावल्या. २००७ साली तिथल्या औषध प्रशासनाने त्यावरून इशारा दिला. लिग्नोकेन रक्तात जास्त गेलं तर आधी ओठांभोवती मुंग्या येतात, कानात गुणगुण होते, तोंडाला धातूची चव येते; मग झटके, आणि शेवटी हृदयावर घाला. मलम कितीही लावलं तरी चालतं असं जिथे सांगतात, ते पार्लर असो की दवाखाना, तिथून उठून यावं.

आणि तरी तो तास उरतोच. खेड्यावरून येणाऱ्या पोरी तो वाचवायला घरूनच मलम लावून निघतात, वर पिशवीचं प्लास्टिक कापून चिकटवलेलं, त्यावर ओढणी. एप्रिलमधली एसटी, बाहेर त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंश. तालुक्याला पोहोचेपर्यंत निम्मं मलम घामाने गळ्यावर उतरलेलं असतं, कधी डोळ्यात. आणि डोळ्यात ते गेलेलं मुळीच चालत नाही, बुबुळाला इजा होते. डॉक्टर डोळा धुऊन काढतात, चेहरा पुसतात, नवा थर देतात आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवतात. साडेचार वाजलेले असतात. परतीची शेवटची गाडी साडेपाचची.