धडधाकट मांजराला डॉक्टर कशाला?

म्हशीचं दूध अर्धा लिटर जरी कमी झालं तरी वाळवा, पलूस, कराडकडच्या गोठ्यात लगेच लक्षात येतं. डेअरीच्या पावतीवर लिटर घटलेले असतात, फॅट उतरलेली असते आणि दुसऱ्या दिवशी जनावरांचे डॉक्टर दारात असतात. त्याच घरातल्या तीन वर्षांच्या मांजराला मात्र पिल्लूपणीच्या लशीनंतर कुणी तपासलेलंच नसतं. खातंय, खेळतंय, उंदीर धरतंय, मग कशाला? माझं म्हणणं एवढंच, की मांजराच्या तब्येतीची अशी रोजची पावती मिळत नाही, म्हणून वर्षातून एकदा ती मुद्दाम करून घ्यावी.

मांजर दुखणं लपवतं. त्याचा पूर्वज आफ्रिकी रानमांजर. एकट्यानं शिकार करायची आणि स्वतः मोठ्या जनावरांच्या तोंडी पडायचं नाही, असं त्याचं जगणं. कळपाचा आधार नसलेल्या जिवाला अशक्तपणा दाखवणं परवडत नाही. ती सवय घरात येऊनही सुटलेली नाही. दात दुखला तरी मांजर खाणं सोडत नाही, एका बाजूनं चावतं. सांधा दुखला तर ओरडत नाही, कपाटावर उडी मारायचं थांबतं. आणि आपण कौतुकानं म्हणतो, आता शहाणं झालं.

मांजराचं एक ते सहा वर्षं हे तरुण वय. पशुवैद्यकांच्या दोन अमेरिकन संघटनांनी २०२१ मध्ये मांजराच्या वयानुसार काळजीची मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली. त्यांत या वयालाही वर्षातून किमान एक तपासणी सांगितली आहे.

तपासणी सुरू होते वजनकाट्यावर. चार किलोचं मांजर ४०० ग्रॅमनं उतरलं तर घरात कुणाला कळत नाही, केसांत सगळं झाकलं जातं. पण तो त्याच्या शरीराचा दहावा हिस्सा असतो. नसबंदीनंतर उलटं होतं, भूक वाढते, हालचाल मंदावते आणि वजन चढत जातं.

मग तोंड. डॉक्टर एका हातानं डोकं मागून धरतात आणि अंगठ्यानं ओठ वर सारतात. दाढेवर पिवळट-तपकिरी थर, हिरडीच्या कडेनं बारीक लाल रेघ. कधी खालच्या जबड्यातल्या पहिल्या दाढेवर हिरडीचा लालबुंद तुकडा चढल्यासारखा दिसतो. तिथं शरीराच्याच पेशी दात विरघळवत असतात. कापसाची काडी हलकेच टेकवली की जबडा थरथरतो. एवढी कळ सोसत ते मांजर सकाळी वाटी चाटूनपुसून आलेलं असतं! हे बघितल्यावर ‘खातंय म्हणजे ठीक आहे’ हे वाक्य माझ्या तोंडून निघत नाही.

स्टेथोस्कोपनं हृदय ऐकतात. मांजरांच्या हृदयविकारांत हृदयाचा स्नायू जाड होण्याचा आजार सर्वाधिक आढळतो आणि तो तरुण मांजरांनाही होतो. तो प्रत्येक वेळी कानाला कळेल असं नाही. शंका आली तर सोनोग्राफी लागते.

रक्ततपासणीबद्दल लोक जास्त कुरकुरतात. निरोगी मांजराचं रक्त कशाला काढायचं? तर निरोगी असतानाचा आकडा हाती असावा म्हणून. मूत्रपिंडांची सुमारे तीन चतुर्थांश क्षमता जाईपर्यंत क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडांनी रक्तातून बाहेर टाकायचं टाकाऊ द्रव्य, सहसा मर्यादा ओलांडत नाही. तिसऱ्या वर्षी ते १.० असेल आणि आठव्या वर्षी १.५ आलं, तर कागदावर दोन्ही ‘नॉर्मल’. जुना कागद शेजारी ठेवला तरच दीडपट झालेलं दिसतं, आणि पुढचा तपास वेळेवर सुरू होतो.

आपल्याकडे आहाराचीही चौकशी व्हायला हवी. सांगली-मिरजेतल्या कितीतरी शाकाहारी घरांत मांजर दूध-चपातीवर वाढतं. त्यामागे माया असते, यात शंका नाही. पण मांजराला टॉरिन हे द्रव्य अन्नातूनच मिळावं लागतं. ते मांस-मासळीत असतं, चपातीत नसतं आणि दुधातलं पुरत नाही. कमतरता राहिली तर डोळ्याचा पडदा खराब होतो, हृदय फुगून कमजोर होतं. १९८७ मध्ये पशुवैद्यक पॉल पायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की टॉरिन दिल्यावर असं हृदय पुन्हा सुधारू शकतं. गेलेली नजर मात्र परत येत नाही. घरात मांस शिजत नसेल तर टॉरिन घातलेलं तयार खाद्य मिळतं.

बोक्यांबाबत एक गोष्ट वार्षिक तपासणीपर्यंतही थांबवायची नाही. तरुण बोक्याचा मूत्रमार्ग अरुंद असतो आणि तो तुंबू शकतो. बोका पुन्हापुन्हा बसतो, कुंथतो, थेंबभर लघवी होते किंवा तीही नाही. घरच्यांना वाटतं बद्धकोष्ठ झालं. रक्तात पोटॅशियम साठत जातं आणि एक-दोन दिवसांत हृदय बंद पडू शकतं. अशा वेळी रात्र असली तरी डॉक्टर गाठा.

न्यायचं कसं, हा खरा प्रश्न. गाडीवर बाजाराच्या पिशवीत कोंबून नेलेलं मांजर पुढच्या वेळी हाती लागत नाही. झाकणाची टोपली आठवडाभर आधी घरात उघडी ठेवा, आत त्याचं नेहमीचं फडकं घाला, तिथंच खाऊ द्या. तालुक्याच्या दवाखान्यात गाई-म्हशींची गर्दी असते, तेव्हा आधी फोन करून मांजर बघतात का आणि कोणत्या वेळी, ते विचारा. सातारा जिल्ह्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालयही आहे. जाण्याआधी मांजराच्या चालण्याचा, उडीचा, खाण्याचा छोटा व्हिडिओ मोबाइलवर काढून ठेवा, कारण दवाखान्याच्या टेबलावर ते दबकून बसतं आणि डॉक्टरांना त्याची नेहमीची चाल दिसतच नाही.